दुपार बाबांची

"बाबांना तिकडे काही झालं तर?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. मी समुपदेशक. हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं. वय झालेल्या आईला किंवा वडिलांना लांबच्या प्रवासाला न्यावं का? नेलं आणि परक्या देशात काही झालं तर? नाही नेलं आणि इच्छा राहूनच गेली तर? त्यातली ही एक हकिकत. त्या बाप-लेकीच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पंचेचाळिशीची, व्यवसायाने छायाचित्रकार. वडील ७४ वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. जानेवारी ते मार्च काम बंद ठेवायचं, बाबांना घेऊन पृथ्वीला एक फेरी मारायची आणि त्यातून एक फोटोमालिका करायची, असं तिने ठरवलं होतं. पैसे बाजूला काढलेले होते. तिकीट तेवढं काढवत नव्हतं.

तिने भीतीची वहीच आणली होती. लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होणं, उंचीवरचा त्रास, न्हाणीघरात घसरणं, औषधांची बॅग हरवणं, एका खोलीत तीन महिने घोरणं ऐकणं. शेवटची नोंद वाचून मी हसले, तीही हसली, आणि मग बोलणं जरा सुटं झालं.

अशा यादीतला बराच भाग समुपदेशकाचा नसतोच, हे मी आधीच सांगून टाकते. तो डॉक्टरांचा असतो आणि त्यांच्याकडे नेला की त्याचा आकार कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यावर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं होतं. 'दुप्पट' ऐकून तिचा चेहरा उतरला. पण दुप्पट होऊनही तो सरासरी सहा हजारांत एक एवढाच होता. वय आणि जुने आजार यांमुळे तो कुणाचा किती वाढतो, ते डॉक्टर तपासून सांगतात. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचंही तसंच. साठीनंतर ती पहिल्यांदा घ्यायची तर डॉक्टर विचार करून देतात, म्हणून आधी मार्ग ठरवायचा आणि मग लशीचं बघायचं. विम्याच्या अर्जात जुने आजार लपवायचे नाहीत, एवढं मात्र मी दटावून सांगितलं.

वही मिटली तरी ती उठेना. थोड्या वेळाने म्हणाली, "आईचे माझ्याकडे हजारो फोटो आहेत. पण ते काढताना ती काय बोलत होती, ते एकाही फोटोवरून आठवत नाही."

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्याच बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. मात्र वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा अशी घट दिसली नाही. मी हे सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "मी झूमच करते. हल्ली बाबांच्या हातांवर." जणू परीक्षेत पास झाली होती. मीही त्या हातांवरून पुढे गेले. ती माझी चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. दोन भेटी आम्ही दोघी बाबांबद्दल बोलत राहिलो आणि बाबांना बोलावलंच नाही. मोठ्या झालेल्या मुलांसोबत काम करताना हे फार सहज होतं. आई-वडील चर्चेचा विषय होऊन बसतात आणि त्यांचं मत कुणी विचारत नाही.

तिसऱ्या भेटीला सर आले. मी त्यांना सरच म्हणत असे. बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, मला बोलिव्हियाला जायचं नाही असं ठरलंय म्हणे. कुणी ठरवलं, ते मला कळायला हवं."

झालं असं होतं. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान समुद्रसपाटीपासून ३,६५० मीटरच्या वर आहे आणि उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होऊ शकतो. एवढं वाचून तिने ते ठिकाण परस्पर गाळलं होतं. सर चिडले होते. "हृदय माझं आहे ना? मग ते कुठे न्यायचं नाही, ते मला न विचारता कसं ठरलं?"

मला ते पूर्ण पटलं. काळजी खरी असली तरी तिला परवानगीशिवाय निर्णय घ्यायचा अधिकार मिळत नाही. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं ते सरांनी ऐकलं आणि बोलिव्हिया त्यांनी स्वतःच गाळलं. ठिकाण गळायचं ते गळलंच, पण या वेळी तिच्यावर कुणी चिडलं नाही.

पण त्या भेटीतलं मुख्य वाक्य बोलिव्हियाचं नव्हतं. निघता निघता सर म्हणाले, "ही हल्ली माझ्या हातांचे फोटो काढते. सुरकुत्यांचे, शिरांचे. चेहऱ्याचे नाही. मी गेल्यानंतरची तयारी चाललीय, मॅडम, आणि ती माझ्यासमोर चाललीय."

ती रडली नाही. तिने कॅमेऱ्याची पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

एरिक लिंडमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ च्या लेखात हे नोंदवून ठेवलं आहे. युद्धावर गेलेला माणूस परत येणारच नाही, असं धरून काही घरांतल्या लोकांनी शोक आधीच इतका पुरा केलेला असे की, तो जिवंत परतल्यावर त्याला पुन्हा आपलं म्हणणं जमेना. याला मी आगाऊ शोक म्हणते. तो वाईट नसतो, पुष्कळदा तो माणसाला सावरतोही. पण ज्याच्यासाठी शोक चाललाय तो समोर चहा पीत बसलेला असेल, तर त्याला ते दिसतं. आईच्या वेळी हातून निसटलं ते बाबांच्या वेळी निसटू द्यायचं नाही, या धडपडीत लेक बाबांना आत्ताच आठवण करून टाकत होती. 'तिकडे काही झालं तर' या प्रश्नाच्या तळाशी हे होतं, आणि ते डॉक्टर तपासू शकत नव्हते.

मी सरांना विचारलं, "तुम्हाला या प्रवासातून काय हवंय?" लेकीने इतक्या महिन्यांत हे विचारलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

सर सावरून बसले आणि मग वीस मिनिटं माझ्या खोलीत भूगोलाचा तास झाला. जगप्रदक्षिणेच्या तिकिटांचा नियम असतो, एकाच दिशेने जायचं, पूर्वेला किंवा पश्चिमेला. लेकीने पश्चिम निवडली होती. कारण शास्त्रीय होतं. आपलं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि पश्चिमेकडच्या प्रवासात झोपेचे हाल कमी होतात. सरांना पूर्व हवी होती. पश्चिमेला जाताना वाररेषेवर एक दिवस नाहीसा होतो. पश्चिमेकडे निघालेल्या मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज १५२२ च्या जुलैत केप व्हर्दला लागलं, तेव्हा जहाजावर बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. "पूर्वेला गेलं की तोच वार दोनदा मिळतो. तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. या वयात दिवस गमवायचा की कमवायचा?"

"पण बाबा, वाटेत तास तास करून तो आधीच कापलेला असतो. हिशेब शून्यच येतो," ती म्हणाली.

"तुला कुणी शिकवलं ते?" सर म्हणाले. मला वाटतं, प्रवास ठरला तो त्या क्षणी.

त्यांची दुसरी इच्छा फिजीतल्या तावेउनी बेटाची होती. १८० अंश रेखावृत्त त्या बेटावरून जातं आणि तिथे तशी पाटी आहे. (वाररेषा तिथे नाही, ती सोयीसाठी वळवलेली आहे, हे सरांनी मला दोनदा बजावलं.) बेट साधारण १७ अंश दक्षिणेला असल्याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे शून्य सावली दिवस येतो. त्या रेखावृत्तावर भर दुपारी सावलीशिवाय उभं राहायचं होतं त्यांना.

"दुपारी?" लेक म्हणाली. छायाचित्रकारांना भर दुपारचा उजेड नको असतो. वरून कडक ऊन, डोळ्यांखाली काळ्या खाचा. त्यांचं काम पहाटे आणि कलत्या उन्हात. आणि या गृहस्थांना प्रत्येक ठिकाणी काठी रोवून दुपारची सावली मोजायची होती.

आम्हाला हवा असलेला करार त्यातच सापडला. पहाट आणि संध्याकाळ तिची. बाबांनी सोबत यायलाच हवं असं नाही. दुपार बाबांची, आणि त्या वेळेत कॅमेरा पिशवीत. बाबांचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं. खोल्या वेगळ्या. दोघांपैकी कुणालाही, कारण न सांगता, मधूनच परत फिरता येईल असं तिकीट. हे शेवटचं कलम मी आग्रहाने घालायला लावते. परतीचं दार उघडं आहे हे माहीत असलं की माणसं सहसा पुढेच जातात. त्याआधी चार दिवसांचा एक छोटा प्रवास दोघांनी करून पाहिला. बाबांना जिने चढायला किती वेळ लागतो आणि लेकीला भुकेने किती राग येतो, हे तिथेच कळलं.

करार मोडलाही. कंबोडियातल्या अंगकोर वाटला तिने त्यांना चारला उठवून नेलं. मंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो आणि सगळी गर्दी समोरच्या तळ्याकाठी जमते. ती फ्रेम लावण्यात गुंग झाली, मागे वळली तर बाबा नाहीत. तासभर शोधलं. वहीतली सगळी पानं तिला त्या तासात आठवली. सापडले तेव्हा ते एका परदेशी जोडप्याला विषुवदिन समजावून सांगत होते. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तिने मला लांबलचक निरोप पाठवला, मी उत्तरात एवढंच विचारलं की पहाट कुणाची होती?

तावेउनीला त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं. सावली पडली नाही, सूर्यही दिसला नाही. सरांनी वहीत लिहिलं, 'निरीक्षण झाले नाही.' मग पाटीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "काढ आता." तिने चेहऱ्याचा फोटो काढला. ओला, वैतागलेला, हसू दाबणारा चेहरा.

परत आल्यावर दोघं मला भेटायला आले, तेव्हा उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोबद्दल सर जास्त बोलले. तिथे सूर्य उगवतो त्या कुठल्याही दिवशी भर दुपारची सावली काठीहून लांबच असते. लेक ध्रुवप्रकाशासाठी रात्री जागायची आणि दुपारी उभ्या उभ्या पेंगत बाबांची काठी धरायची.

"आणि दोनदा मिळालेला वार?" मी विचारलं.

मंगळवार मिळाला होता. फिजीहून मंगळवारी रात्री निघालेलं विमान लॉस एंजेलिसला मंगळवारीच दुपारी उतरलं. लेक बाबांकडे बघून हसायला लागली. सरांनी वही उघडून मला दाखवली. दुसऱ्या मंगळवारपुढे नोंद होती : 'दुपारी ३ ते रात्री ११. दोघेही झोपेत. पडदे ओढलेले.'