तुझ्या खरेदीच्या यादीबद्दल

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या छंदासाठी तू केलेली यादी नीट वाचली. बोइंग 777, मुंबई आणि दुबईची सीनरी (म्हणजे विमानतळांचं हुबेहूब चित्र), विमानाभोवती बस-ट्रॉल्या फिरवणारं ॲड-ऑन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर), हवामानाचं वेगळं सॉफ्टवेअर, योक (विमानाचं हँडल), पायाने चालवायची पेडल्स, आणि हे सगळं पेलेल असा नवा पीसी. बेरीज दोन लाखांच्या पुढे गेली आहे आणि खाली प्रश्न आहे, "काका, यातलं आधी काय घेऊ?"

यातलं आत्ता काहीच घेऊ नकोस. तुझा हिरमोड होईल हे मला कळतं, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

तुझ्याकडे 2020 चं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे आपलं सिम, आहे आणि लॅपटॉपवर ते अडखळत का होईना, चालतं. त्यात सेस्ना 172 हे चार सीटचं छोटं विमान आहे. तुझी तक्रार अशी की "हे खरं वाटत नाही." मग एक कर. विमान पुण्याला, लोहगावला ने. हवामान स्वतः ठरव: एप्रिलची दुपार, तापमान 40 अंश, वारा शांत. वजनाच्या पानावर जा, चारही सीटवर माणसं बसव आणि एकूण वजन कमाल मर्यादेला टेकेल इतकंच इंधन ठेव. आता उड. लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून 1,942 फूट, पण त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने तू साधारण 5,400 फुटांवर उभा असतोस. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. समुद्रसपाटीला थंड हवेत जेवढं धावून हे विमान उचलतं, त्याच्या जवळजवळ दीडपट धावपट्टी इथे लागेल. उचलल्यावरही ते रडत रडत चढेल. तेव्हा नाक वर ओढायचा मोह होईल. ओढू नकोस, वेग 74 नॉटच्या (ताशी 74 नॉटिकल मैलांच्या) आसपास धरून ठेव. मग हेच विमान एकट्याने, अर्ध्या टाकीवर, जानेवारीच्या पहाटे उडव. दोन्हींतला फरक तुझ्या हाताला कळेल.

हे सगळं तुझ्याकडे आधीपासून होतं आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. आजवर तू वजनाचं पान उघडलं नव्हतंस, एवढंच. माझं म्हणणं इतकंच आहे की सिममधलं खरेपण बहुतेक वेळा विमान चालवणाऱ्याच्या शिस्तीतून येतं. ॲड-ऑन त्या शिस्तीला अधिक खोल काम देतं, पण ती शिस्त स्वतः आणून देत नाही.

पैसे घालायचेच तर ते आधी हातात येणाऱ्या वस्तूत घाल. कीबोर्डवर विमान उडवता येत नाही, ते फक्त ढकलता येतं. दांडा पिळला की रडर (शेपटावरचं सुकाणू) चालतो आणि बाजूला थ्रॉटलची छोटी पट्टी असते, असं साधं जॉयस्टिक काही हजारांत मिळतं. त्यावर निदान वर्षभर आरामात काढता येतं. घेताना आत दांड्याची हालचाल मोजायला हॉल सेन्सर आहे का ते विचार. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो, तो घासून झिजतो. आत धूळ-दमटपणा शिरला की मधली जागा थरथरायला लागते आणि तू हात न लावता विमान डोलत राहतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासण्यासारखं काही नसतं. आणखी एक, जॉयस्टिक टेबलावर सरकता कामा नये. खाली रबराची चटई घाल किंवा क्लॅम्प लाव. योक नंतर, तेही तुला सेस्नाच उडवत राहायची आहे असं ठरलं तर. एअरबसमध्ये योक नसतो, साइडस्टिक (बाजूला बसवलेला छोटा दांडा) असते, म्हणजे तुझं साधं जॉयस्टिकच तिथे जास्त खरं. पेडल्स मात्र योकच्या आधी घे. बाजूच्या वाऱ्यात उतरताना पायांचं काम हाताने करणं ही वाईट सवय आहे आणि ती लवकर लागते.

आता पीसीचं. फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या, आकड्यामागे लागू नकोस. न हलणारे 30 फ्रेम मधूनच 20 वर कोसळणाऱ्या 60 पेक्षा कितीतरी बरे. उतरताना धावपट्टी जवळ आली की तिथेच चित्र अडकतं, आणि नेमकी तीच वेळ नजर ठेवायची असते. ढग, सावल्या आणि विमानतळावरची गर्दी एकेक पायरी कमी कर आणि काय होतं ते बघ. 2024 ची नवी आवृत्ती जगाचा बराचसा भाग उडता उडता इंटरनेटवरून उतरवून घेते, तेव्हा तुमच्या गावातलं कनेक्शन कसं आहे ते आधी तपास. मोबाइल हॉटस्पॉटवर ती चालवायचा विचारही करू नकोस.

मग 777 कडे येतो. पीएमडीजी कंपनीचं 777-300ER हे 2024 मध्ये आलं तेव्हा 74.99 डॉलरचं होतं. कार्डावरचा परकीय चलनाचा आकार धरला की साडेसहा-सात हजारांच्या घरात जातं. विमान अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. त्याच्या हायड्रॉलिक्सपासून विजेच्या जोडण्यांपर्यंत सगळं आत खरोखर चालतं. पण त्याचा मार्ग म्हणजे मुंबई ते लंडन, मुंबई ते न्यू यॉर्क. तुझी बारावी आहे. नऊ ते पंधरा तासांच्या उड्डाणात तुझ्या वाट्याला येणार पहिली वीस मिनिटं आणि शेवटची चाळीस. मधला वेळ ऑटोपायलट उडवणार आणि तू जेवायला जाणार. त्याऐवजी फ्लायबायवायर या गटाचं ए32एनएक्स उतरवून घे. ते एअरबसचं ए320 निओ आहे, मुक्त स्रोत आहे, पूर्ण फुकट आहे, आणि हौशी-व्यावसायिक लोकांनी मिळून वर्षानुवर्षं घडवलेलं आहे. आपल्याकडे इंडिगोची बहुतेक विमानं याच कुटुंबातली. मुंबई–नागपूर, पुणे–दिल्ली असे दीड-दोन तासांचे मार्ग त्यावर पूर्ण उडता येतात. सगळं बंद असलेलं विमान जागं करण्यापासून, एमसीडीयूमध्ये (कॉकपिटमधल्या मार्गाच्या संगणकात) मार्ग भरण्यापासून ते पुन्हा इंजिनं बंद करण्यापर्यंत. मार्ग आणि इंधनाची आखणी सिमब्रीफ या वेबसाइटवर फुकट होते, फक्त त्यातली दिशादर्शनाची माहिती थोडी जुनी असते. ती माहिती जगभर दर 28 दिवसांनी बदलते. ताजी हवी तर नेव्हिग्राफ कंपनीची वर्गणी आहे, पण तुला अजून तिची गरज नाही. भारतातल्या विमानतळांचे अधिकृत चार्ट विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये (वैमानिकांसाठीच्या माहिती-ग्रंथात) कुणालाही बघता येतात. मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीचा चार्ट उघड आणि कुठे किती उंचीवर असायला हवं ते पेन्सिलीने उतरवून काढ.

हे ए320 तुला तोंडपाठ झालं आणि तरीही एखादी गोष्ट त्यात करता येत नाही म्हणून तू अडलास, तर त्या दिवशी विकतचं विमान घे. तेव्हा तुला नक्की काय विकत घ्यायचं आहे ते माहीत असेल.

सीनरीचंही तेच. उतरायचं असतं एका धावपट्टीवर आणि पैसे जातात टर्मिनलच्या काचांवर, ज्या तुला कॉकपिटमधून दिसतही नाहीत. पण एक अपवाद सांगतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. तो बांधताना उलव्याची टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. सिममधली जमीन जर त्याआधीच्या मोजणीची असेल, तर जिथे आज विमानं उतरतात तिथे तुझ्या पडद्यावर टेकडी उभी असेल. अशा ठिकाणी सीनरी हवीच. आधी फुकटची शोध, हौशी लोक बनवून ठेवतात. ती चांगली वाटली तर बनवणाऱ्याला थोडे पैसे पाठव.

चोरलेल्या ॲड-ऑनच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. तुझ्या वर्गातला कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येईलच. ही विमानं बऱ्याचदा अगदी छोटे गट वर्षानुवर्षं खपून बनवतात, आणि तुला जे फुकट मिळतं त्यात आणखी काय घातलेलं आहे ते तुला कळणार नाही. परवडत नसेल तर फुकटचं इतकं उत्तम पडलेलं आहे की चोरायचं कारणच उरत नाही. फ्लाइटगिअर तर सिमच फुकट आहे.

अजून एक खर्च यादीत दिसत नाही. 2006 साली फ्लाइट सिम्युलेटर टेन आलं आणि लोकांनी त्यावर पुढची दहा-बारा वर्षं विमानं, विमानतळ, ढग, आवाज असं काय काय गोळा केलं. 2020 चं सिम आलं आणि त्यातलं जवळजवळ काहीच पुढे नेता आलं नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकांच्या हार्ड डिस्कवर तो संसार अजून पडून आहे. ॲड-ऑन हे त्या-त्या सिमशी बांधलेलं असतं. जॉयस्टिक, पेडल्स आणि तुझं शिकणं या तीनच गोष्टी पुढच्या सिममध्ये बरोबर येतात.

आता या छंदातली सगळ्यात खरी वस्तू सांगतो. तिचं नाव व्हॅटसिम, सिम उडवणाऱ्यांना एकत्र जोडणारं इंटरनेटवरचं जाळं. 2001 पासून चालू आहे, फुकट आहे. तिथे कंट्रोलर म्हणून खरी माणसं बसलेली असतात, सगळी स्वयंसेवक, परीक्षा देऊन आलेली. तू विमान गेटवर उभं करतोस आणि पलीकडून माणसाचा आवाज येतो. तो तुला धावपट्टी, उंची, हवेचा दाब एका दमात सांगतो आणि ते सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. त्या क्षणी तळहाताला घाम येतो. मी कुठलंच ॲड-ऑन असं करताना पाहिलेलं नाही. तिथे विमान थांबवता येत नाही, आईने हाक मारली म्हणून पॉझ दाबता येत नाही, मागे दुसरं विमान रांगेत असतं.

तुला इंग्रजीची भीती वाटते हे तू लिहिलं नाहीस, पण मराठी शाळेतून आलेल्या पुष्कळ मुलांना ती वाटते म्हणून मीच विषय काढतो. विमानातल्या रेडिओची भाषा म्हणजे गप्पांचं इंग्रजी नव्हे. वाक्यांचे साचे मोजके, शब्द ठरलेले, क्रम ठरलेला. कोण, कुठे आहे, काय हवंय. वहीत ते साचे लिही, आरशासमोर म्हण. पहिले काही दिवस नुसतं ऐक. मग एखाद्या शांत विमानतळावरून सेस्ना घेऊन नीघ आणि पहिल्याच वाक्यात सांग की मी नवीन आहे. लोक सांभाळून घेतात. तिथे येण्याआधी निदान एवढं मात्र हवं: विमान सरळ आणि ठरल्या उंचीवर ठेवता आलं पाहिजे, आणि सांगितलेल्या दिशेला वळता आलं पाहिजे.

तू शेवटी लिहिलंस की पुढे पायलट व्हायचं आहे, आणि बाबांना पटवताना तू म्हणालास की हा खर्च म्हणजे त्याचीच तयारी. हे त्यांना असं सांगू नकोस. घरच्या सिमवरचे तास लायसन्ससाठी मोजले जात नाहीत. व्यावसायिक लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं, ते फ्लाइंग स्कूलमध्येच. सिमने उपकरणं वाचण्याची, चेकलिस्टची आणि रेडिओची ओळख पक्की होते, तिचा उपयोग नक्की होतो. पण सीटखालून येणारा धक्का, स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) आधीची थरथर, ट्रिम न केलेल्या (तोल साधून हलका न केलेल्या) दांड्याचं वजन हे घरी कळत नाही. शिवाय सिमवर वाढलेली मुलं बाहेर क्षितिजाकडे बघायचं सोडून डोळे पॅनेलवर खिळवून बसतात, ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे. म्हणून सेस्ना उडवताना मधूनमधून उपकरणांची पट्टी पडद्याबाहेर सरकव आणि नुसत्या नाकाच्या आणि क्षितिजाच्या अंतरावर उड. आणि त्या दोन लाखांपैकी पहिले पैसे जायचेच असतील तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) क्लास 2 वैद्यकीय तपासणीवर जाऊ देत. डोळे-कान-हृदय ठीक आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवायचं नसतं.

जॉयस्टिक आलं की पहिलं उड्डाण मी ठरवून देतो. बारामतीहून लोहगाव, सेस्ना, जीपीएस बंद. अंतर सरळ रेषेत साधारण 44 नॉटिकल मैल. 110 नॉटने निघालास तर वारा नसताना 24 मिनिटं. पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो. तो 15 नॉटचा धरला तर 28 मिनिटं. हा हिशेब उड्डाणाआधी कागदावर कर, नदीच्या वाटेने थोडं वाढणारं अंतर धरून. मग कऱ्हा नदीला उगमाच्या बाजूने धर: मोरगाव, जेजुरीजवळचं नाझऱ्याचं धरण, सासवड. तिथे डाव्या हाताला पुरंदर दिसेल, माथा 4,472 फुटांचा, तेव्हा त्याच्या बाजूला भरकटायचं नाही. पुढे दिवे घाट ओलांडला की पुणे समोर. (खऱ्या विमानाला तिथे असं मोकळं जाता येणार नाही, लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. सिममध्येही परवानगी मागितल्यासारखं बोल.) प्रत्येक ठिकाणावरून गेलास की घड्याळातली वेळ लिही. कागदावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यात जो फरक पडेल, त्यावरून वारा खरा किती होता ते काढ आणि मला कळव. मी तपासून उलट टपाली लिहितो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका