वकिलाने मुदत चुकवली, तर अमेरिकेतील फेडरल न्यायालय कैद्याचे म्हणणे ऐकते का?

राज्याच्या न्यायालयात एखादा मुद्दा वकिलाच्या चुकीमुळे वेळेत मांडला गेला नसेल, तर फेडरल (केंद्रीय) न्यायालय हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कैद बेकायदा असल्याचे सांगणाऱ्या, अर्जात ती चूक माफ करते का, असे आपण विचारले आहे. सहसा करत नाही. अपवाद मोजके आहेत आणि तेही दिवसेंदिवस आक्रसत चालले आहेत.

मूळ कसोटी 1977 च्या वेनराइट विरुद्ध साइक्स या निकालातली: मुद्दा राहून जाण्यामागे सबळ कारण हवे आणि त्यामुळे अर्जदाराचे खरोखर नुकसान झालेले हवे. हे कारण बचाव पक्षाच्या आवाक्याबाहेरचे असावे लागते, जसे सरकारी पक्षाने पुरावा दडवणे. वकिलाचा हलगर्जीपणा त्यात बसत नाही. कोलमन विरुद्ध थॉम्प्सन (1991) या प्रकरणात मृत्युदंड झालेल्या कैद्याच्या अपिलाची नोटीस 3 दिवस उशिरा दाखल झाली. थेट अपील संपल्यावर शिक्षेला पुन्हा आव्हान देण्याच्या, म्हणजे शिक्षेनंतरच्या कार्यवाहीच्या, त्या टप्प्यावर वकील मिळण्याचा घटनात्मक हक्कच नाही, म्हणून वकिलाच्या चुकीचा भार कैद्याने सोसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

वकिलाने अशिलाला वाऱ्यावर सोडले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. अलाबामातील मेपल्स या कैद्याचे न्यूयॉर्कचे दोन्ही वकील त्याला न कळवता नोकरी सोडून गेले. न्यायालयाने त्यांना धाडलेले लखोटे न उघडताच परत आले, तरी कोणी चौकशी केली नाही आणि अपिलाची 42 दिवसांची मुदत उलटून गेली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सबळ कारण मानले.

त्याच वर्षी मार्टिनेझ विरुद्ध रायन या निकालाने आणखी एक दार उघडले. खटल्यातील वकील अकार्यक्षम होता, ही तक्रार राज्यात पहिल्यांदा शिक्षेनंतरच्या कार्यवाहीतच करता येत असेल आणि तिथे वकील नसेल किंवा तोही निष्काळजी निघाला असेल, तर तक्रारीत तथ्य असल्यास ती फेडरल न्यायालयात ऐकली जाऊ शकते. पण 2022 च्या शिन विरुद्ध रामिरेझ या निकालाने, राज्याच्या नोंदीत नसलेला नवा पुरावा अशा वेळी देण्याची वाट जवळजवळ बंद केली. निष्काळजी वकिलाने पुरावा गोळाच केलेला नसतो, मग नुसती तक्रार ऐकून घेऊन काय साधणार? मला हा निकाल अन्यायकारक वाटतो.

याशिवाय, नवा पुरावा पाहता कोणत्याही विवेकी ज्यूरी सदस्याने दोषी ठरवले नसते अशी शक्यता अधिक दिसली, तर श्लुप विरुद्ध डेलो (1995) नुसार न्यायालय सबळ कारणाशिवायही मुद्दा ऐकते. हाऊस विरुद्ध बेल (2006) मध्ये डीएनए चाचणीमुळे हे साधले, पण इतका भक्कम पुरावा फार थोड्यांच्या हाती लागतो. म्हणून शिन निकालानंतर वकिलाने प्रत्येक शपथपत्र आणि तज्ज्ञाचा अहवाल राज्याच्या न्यायालयातच दाखल करून ठेवला पाहिजे.