बंदुकीच्या दुकानातली वही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

टेक्सासमध्ये बंदूकविक्रीचा संघीय परवाना काढण्याचा तुझा विचार कळला, आणि सरकार बदलले की नियमही बदलतात, मग शिकायचे तरी काय, हा तुझा प्रश्नही वाचला. अशा दुकानांच्या नोंदी तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून सांगतो: कोणता नियम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होता, हे आधी शिक.

पिस्तुलाच्या ब्रेसचेच बघ. हाताला आधार देणारा हा जोड लावलेली बरीच पिस्तुले म्हणजे आखूड नळीच्या रायफली होत, आणि तशा रायफलींची सरकारी नोंदणी सक्तीची असते, असा नियम एटीएफने (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी संघीय संस्थेने) 2023 च्या जानेवारीत काढला आणि मालकांना विनाशुल्क नोंदणीसाठी 31 मेपर्यंत मुदत दिली. त्या मे महिन्यात मी काम पाहत होतो त्या दुकानात एक निवृत्त शिक्षक तसले पिस्तूल टॉवेलात गुंडाळून घेऊन आले, तेव्हा मालकाने त्यांना “कोर्ट हे उडवणारच, निवांत राहा” असे छातीठोक सांगितले. पुढच्या वर्षी जूनमध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियम खरोखरच रद्द केला. तरीही तो सल्ला मला आजही बेजबाबदार वाटतो, कारण मधल्या काळातली जोखीम गिऱ्हाइकाने घ्यायची होती, मालकाने नव्हे. बंप स्टॉकच्या, म्हणजे बंदुकीतून झपाट्याने गोळ्या झाडू देणाऱ्या जोडाच्या, बाबतीत उलटे झाले: 2019 च्या मार्चमध्ये ज्यांनी बंदीचा नियम पाळून ते मोडले किंवा जमा केले, त्यांना 2024 च्या जूनमधला तो नियम रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून हळहळण्यापलीकडे काही उरले नाही.

नोंदींची गोष्ट मात्र वेगळी आहे. गिऱ्हाईक भरते तो 4473 क्रमांकाचा फॉर्म पूर्वी वीस वर्षे जपावा लागे. 2022 च्या ऑगस्टपासून दुकान चालू असेपर्यंत तो टाकताच येत नाही. त्यातली नेहमीची चूक अगदी क्षुल्लक असते: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, रकान्यात माणसे घाईघाईत देशाचे नाव लिहितात. हत्यार हातात देण्याआधी ती दिसली, तर गिऱ्हाइकाकडूनच दुरुस्त करून घेऊन आद्याक्षरे आणि तारीख लिहून घे; नंतर दिसली, तर मूळ कागदाला हात न लावता छायाप्रतीवर दुरुस्ती करून ती मूळ फॉर्मला जोड. 2021 नंतरच्या कडक धोरणात गंभीर चुकांसाठी परवाने झपाट्याने रद्द होऊ लागले होते. ते धोरण 2025 च्या एप्रिलमध्ये मागे घेतले गेले, पण तेवढ्यावरून तपासनीस डोळेझाक करतील असे समजू नकोस.

1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा कर शून्य झाला, तेव्हा आता काहीच लागत नाही असे मानणारे गिऱ्हाईक तुला रोज भेटेल. नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरी येईपर्यंतची प्रतीक्षा कायम आहे, हे त्याला पैसे घेण्याआधी सांग.

आणि एक, तुझा चुलतभाऊ एच-1बी व्हिसावर आहे ना? शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. त्याला शनिवार-रविवार मदतीला गल्ल्यामागे उभे करण्याचा बेत असेल, तर आधी वकिलाला विचार आणि त्याचे उत्तर लेखी घे.

तुझा,
काका