एका प्रोटीनपायी पाच वर्षं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी एसवाय बी.एस्सी.ला आहे, विषय बायोकेमिस्ट्री. सत्तरीत आजोबांना पार्किन्सन्स झाला, हातातला कप बशीवर वाजायला लागला, तेव्हापासून ती त्याच आजाराबद्दल वाचत असते. आता म्हणते, 'डीजे-१' नावाच्या प्रोटीनवर पीएच.डी. करणार. वडील विचारतात, "एका प्रोटीनपायी पाच-सहा वर्षं घालवायची? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा बरी नाही का? आणि हा आजार आमच्या घराण्यात उतरेल का?"

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानंच उडत असणार. डीजे-१च्या जनुकातल्या बिघाडानं होणारा पार्किन्सन्स फार विरळ आहे. त्यासाठी आई आणि वडील, दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात आणि तो बहुधा ऐन तारुण्यात, चाळिशीच्या आसपास किंवा आधीच सुरू होतो. सत्तरीत सुरू झालेल्या आजाराचं कारण असं एकच जनुक असणं क्वचित घडतं. तरी मनात शंका असेल तर आजोबांच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

आता प्रोटीनकडे येऊ. घरी वांगी चिरली की मिठाच्या पाण्यात टाकतात, नाहीतर फोडी काळ्या पडतात. त्या काळ्या पडतात त्या ऑक्सिजनमुळे. मेंदूत एक छोटा भाग आहे, त्याच्या नावाचाच अर्थ 'काळा पदार्थ'. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात, आणि डोपामिनवर ऑक्सिजनची क्रिया होऊन तो काळा रंग येतो. वांग्याच्या फोडीतल्याच जातीची ही रसायनक्रिया. पार्किन्सन्समध्ये प्रामुख्यानं याच पेशी मरतात. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन तो जवळजवळ २० टक्के वापरतो. त्यातून निघणारी आक्रमक रसायनं पेशीला आतून पोखरतात. त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

डीजे-१ या मारात न्यूरॉनला, म्हणजे मेंदूच्या पेशीला, तगवून धरतं. अवघ्या १८९ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यातलं १०६ क्रमांकाचं अमिनो आम्ल, सिस्टीन, ऑक्सिजनचा मार स्वतःवर घेतं, आणि तोच पेशीला धोक्याचा इशारा ठरतो. मग हे प्रोटीन पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाकडे जातं, संरक्षक जनुकं चालू करणाऱ्या 'एनआरएफ-२' नावाच्या प्रोटीनला टिकून राहायला मदत करतं, इतर प्रोटीनना विस्कटू देत नाही. साखळीत १६६व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन हे दुसरं आलं, तर ते स्वतःच नीट घडत नाही आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते.

गंमत अशी की १९९७ मध्ये हे प्रोटीन पहिल्यांदा सापडलं ते कॅन्सरच्या संशोधनात. पार्किन्सन्सशी त्याचा संबंध २००३ मध्ये नेदरलँड्स आणि इटलीतल्या कुटुंबांच्या अभ्यासातून कळला. न्यूरॉनला जगवणारी हीच ताकद कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीलाही उपयोगी पडते, म्हणून त्यावर औषध शोधणं अवघड आहे. पेशीतल्या साखरेमुळे इतर प्रोटीनचं झालेलं नुकसान डीजे-१ खरंच दुरुस्त करतं का, यावर अजून प्रयोगशाळांमध्ये वाद आहे.

म्हणूनच 'एका प्रोटीनपायी' हे मला पटत नाही. या एकाचा माग काढताना तिला जनुकं, पेशी, कॅन्सर, मेंदू, सगळंच शिकावं लागेल. मात्र तिलाही माझं सांगणं आहे: डीजे-१चा हट्ट आत्ता धरू नकोस. ज्या प्रयोगशाळेत शिकवणारा माणूस चांगला आहे तिथे जा, प्रोटीन कुठलंही मिळो.

खरा प्रश्न वेगळा आहे. हे काम तिच्या हाताला रुचेल का? हे काम म्हणजे ३७ अंशांच्या पेटीत वाढवलेल्या पेशी रोज बघायच्या. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या पेरून वाढत्या मात्रेनं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, नंतर एक पिवळं रसायन. जिथे पेशी जगल्या तिथे ते जांभळं होतं, मेल्या तिथे पिवळंच राहतं. कधी जंतू शिरतात आणि तीन आठवड्यांचं काम टाकून द्यावं लागतं. मायक्रोमीटरनं शेकडो नग मोजल्यावर तुमच्या बोटांना जे कळतं, तेच तिच्या बोटांनी पिपेटवर, म्हणजे थेंबभर द्रव मोजून घालायच्या नळीवर, शिकायचं असतं. पुस्तक वाचून हे कळत नाही.

म्हणून निर्णय आत्ता घेऊच नका. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, त्यासाठी अर्ज करू दे. ते दोन महिने सरल्यावर तिच्याशी बोला.

मग एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री आहे, घरचं जेवण आणि कमी खर्च, यात काहीही कमीपणा नाही. बाहेर जायचं असेल तर आयआयटी-जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनंतर ४२,०००. म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर पडत नाही. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं निम्हान्स, पुण्याचं आयसर या संशोधन संस्था तिनं डोळ्यासमोर ठेवाव्यात.

कठीण बाजू लपवत नाही. पीएच.डी.नंतरही कायम नोकरीला वेळ लागतो, जागा थोड्या आहेत. एम.एस्सी.वर थांबली तरी औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीत आणि क्लिनिकल रिसर्चमध्ये काम मिळू शकतं. आणि तिच्या संशोधनातून आजोबांसाठी औषध निघेल असं कुणी तिला सांगू नये. आजोबांसाठी तिनं करण्यासारखं आज आहे: गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, संध्याकाळी रंकाळ्यावर धरून फिरवणं.

फेलोशिपच्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. प्रॅक्टिकलला तिचा हात ज्यांनी पाहिलाय, त्या मॅडमना किंवा सरांना दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारायला सांगा.