एका दिवसात तीन गावं?

प्रश्न: लाँग वीकेंडला सकाळी निघून रात्री परत यायचं असा आमचा बेत आहे. आसपासची तीन गावं एकाच दिवसात उरकू असं मिस्टर म्हणतायत. मुलगी 6 वर्षांची, तिला गाडी लागते. सासरे 72 चे आहेत, गुडघे दुखतात, ते म्हणतात तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबतो. त्यांना एकटं सोडून जायला मन होत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, सासऱ्यांना घेऊनच जा. घरची मोठी माणसं ‘मी थांबतो’ म्हणतात ना, तेव्हा बऱ्याचदा त्यांना यायचंच असतं, फक्त आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल याचा संकोच असतो. त्यामुळे बेतच त्यांच्या चालीने आखा. तीन नको, दोनच गावं, आणि आधी लांबचं करा, म्हणजे सगळे दमलेले असताना परतीचा रस्ता कमी उरतो आणि जवळचं गाव नाही जमलं तरी काही बिघडत नाही.

दिवस निवडताना सुट्टीचा मधला दिवस धरा, कारण पहिल्या सकाळी सगळेच बाहेर पडतात आणि शेवटच्या संध्याकाळी सगळेच परत येतात, ट्रॅफिक तेव्हाच तुंबतं.

आता मुलीचं. गाडी लागते ती पोट बिघडल्याने नाही. कानाच्या आतल्या भागाला गाडी हलतेय हे कळत असतं, पण डोळे मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर असतात, त्यांना सगळं स्थिर दिसतं, मग मेंदूचा गोंधळ उडतो आणि मळमळायला लागतं. साधारण 2 ते 12 वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. म्हणून गाडीत मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक दोन्ही बंद, मागच्या सीटवरच पण समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असं बसवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, झोपली तर उत्तमच. निघताना उपाशी नको आणि पोट गच्चही नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या अर्धा ते एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं गाडी थांबवा. सासऱ्यांचे गुडघे आखडणार नाहीत, पायाला सूज कमी येईल आणि चालवणाऱ्यालाही आराम मिळेल. दुपारी दोन ते चार डोळ्यावर झापड येतेच, त्या वेळात गाडी चालवण्यापेक्षा कुठेतरी सावलीत बसा. सासऱ्यांची औषधं त्यांच्या नेहमीच्या वेळेलाच, आणि ती डॅशबोर्डवर नाही तर जवळच्या पिशवीत ठेवा.

आणि एक, हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते, पाचच मिनिटांचं काम आहे म्हणून मुलीला किंवा आजोबांना बंद गाडीत बसवून जाऊ नका. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत दहा-एक डिग्रीने तापते, काच थोडी खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही.