आधी घरून लॉगिन सुरू करून घे

अगं, गूगलवर सापडलेल्या संशोधन लेखाचे पैसे मागतायत म्हणून लगेच भरू नकोस. आधी ग्रंथालयात जा आणि इन्फेडचं (विद्यापीठाबाहेरून ऑनलाइन नियतकालिकं उघडून देणारी सेवा) लॉगिन मागून घे, म्हणजे विद्यापीठाला मिळणारं घरूनही उघडतं. आपलं विद्यापीठ सरकारी, त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेत ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं आपल्याला मोफत आहेत.

खरी गोम शोधशब्दांत असते. गिरणी कामगारांवर शोधताना मी जेस्टोरवर (जुन्या संशोधन लेखांचं ऑनलाइन भांडार) नुसतं 'सोलापूर' टाकत बसले होते. हाती फारसं काही लागेना. इंग्रजी कागदपत्रांत गावाचं नाव 'शोलापूर'! दोन्ही स्पेलिंगं मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'OR' (म्हणजे 'किंवा') घालून टाकली, तेव्हा कुठे जुने लेख वर आले. पुणे-पूनाचंही तसंच. एका लेखातले नेमके शब्द वहीत उतरवून घे आणि पुढच्या शोधाला तेच वापर.

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे जुने पीएच.डी. प्रबंध आहेत. तिथे मी आधी संदर्भसूचीच उघडते, प्रबंध नंतर (गाइडना सांगू नकोस). आणि पीडीएफ उतरवलीस की लगेच झोटेरोत (संदर्भ नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाक. 'डाउनलोड (१७)' नावाच्या फाइली मी अजून निस्तरतेय.