पाटीवरच्या पदव्या आणि रविवारचे सर्जन

गौरी-गणपती आटोपले, पाऊस ओसरला की आपल्याकडे पुढे ढकललेली ऑपरेशनं वर येतात. हर्निया, पित्ताशयातले खडे, मोतीबिंदू, गुडघे. यंदाच्या पत्रांत ऑपरेशनपेक्षा ते करणाऱ्याबद्दलची विचारणा जास्त आहे, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : वडिलांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टरांच्या पाटीवर एम.बी.बी.एस., एम.एस., एफ.एम.ए.एस., एफ.आय.ए.जी.ई.एस. अशी दीड ओळ आहे. यातलं बघायचं काय? आणि हे सगळं खरं आहे हे घरबसल्या कसं कळणार? (देवगड)

हर्नियासाठी त्या दीड ओळीतलं एम.एस. महत्त्वाचं, आणि तेही जनरल सर्जरीतलं. एम.एस. हाडांचं असतं, डोळ्यांचं असतं, कान-नाक-घशाचं असतं, तेव्हा विषय कोणता ते वाचा, नसेल लिहिलं तर विचारा. एम.बी.बी.एस.नंतर ही पदवी घ्यायला तीन वर्षं लागतात. एम.एस.ऐवजी डी.एन.बी. लिहिलेलं असेल तर नाक मुरडू नका, ती राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी आहे आणि एम.एस.च्या तोडीची आहे. एम.सीएच. म्हणजे त्यापुढचा आणखी एक टप्पा, मूत्रमार्ग, मेंदू, प्लास्टिक सर्जरी वगैरे. साध्या हर्नियाला त्याची गरज नाही. प्रोस्टेटचं किंवा किडनीचं काम असेल तर मात्र युरॉलॉजीची पदवी शोधा.

राहिली 'एफ'ने सुरू होणारी अक्षरं. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही फेलोशिप दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटना देतात. खोट्या नाहीत, पण त्या एम.एस.च्या बरोबरीच्याही नाहीत. डॉक्टरांनी दुर्बिणीचं वेगळं शिक्षण घेतलंय एवढाच त्यांचा अर्थ घ्या.

आता पडताळणी. ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि २००२च्या आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणं बंधनकारक आहे. वडिलांचा केस पेपर काढा, डॉक्टरांच्या नावाखाली किंवा अगदी तळाला बारीक अक्षरात तो सापडेल. हल्लीच्या क्रमांकांत सुरुवातीला नोंदणीचं वर्ष असतं, जुन्या डॉक्टरांचे नुसते आकडे असतात. परिषदेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घालून दोन गोष्टी पाहा. एक, नोंदणी चालू आहे का, कारण दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. दुसरी, एम.एस.ची नोंद आहे का. पदव्युत्तर पदवी मिळाल्यावर तिची वेगळी नोंद करायची असते. नावासमोर नुसतं एम.बी.बी.एस. दिसलं तर लगेच बोभाटा करू नका, नोंद करायची राहूनही जाते. डॉक्टरांना सरळ विचारा. ज्याची पदवी खरी आहे तो ड्रॉवरमधून सर्टिफिकेट काढून दाखवतो.

प्रश्न : पाटीवर एम.एस. वाचून भावाला मूळव्याधीसाठी दाखवलं. नंतर कळलं की डॉक्टर आयुर्वेदातले एम.एस. आहेत. ही फसवणूक नाही का? (राजापूर)

पाटीवर 'आयुर्वेद' हा शब्द होता का, यावर ते ठरेल. आयुर्वेदात शल्यतंत्र हा पदव्युत्तर विषय आहे, त्याची पदवीही एम.एस.च, आणि नोव्हेंबर २०२०च्या केंद्रीय अधिसूचनेत शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा वगैरे) मिळून ५८ शस्त्रक्रियांची यादी दिलेली आहे. मूळव्याध आणि भगंदर हा तर त्यांचा जुना प्रांत. क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोऱ्याचा उपचार, नीट करणारे वैद्य मला माहीत आहेत आणि भगंदराचे काही रुग्ण मी स्वतः त्यांच्याकडे पाठवतो. आमच्या ॲलोपॅथीच्या मंडळींना हे आवडत नाही, पण नाइलाज आहे.

मात्र विषय लपवून नुसतं 'एम.एस. (सर्जन)' लिहिणं बरं नाही. तुम्ही कोणत्या शास्त्राच्या माणसाकडून कापून घेताय हे तुम्हाला आधी कळायला हवं. या डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेत सापडणार नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषद वेगळी आहे, तिथे पाहा.

प्रश्न : आईच्या पित्ताशयात खडे आहेत. इथल्या हॉस्पिटलात दर रविवारी मुंबईचे नामांकित सर्जन येतात आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. पदव्या सगळ्या तपासल्या, उत्तम आहेत. मग 'हो' म्हणू का? (कुडाळ)

पदव्या उत्तम आहेत हे मान्य. पण ते सर्जन सोमवारी कुठे असतील?

बाहेरून येणाऱ्या सर्जनांना माझा विरोध नाही. ते येत नव्हते तेव्हा आपल्या माणसांना प्रत्येक गोष्टीसाठी रात्रीच्या गाडीत बसावं लागायचं आणि परळला नातेवाइकांच्या एका खोलीत मुक्काम ठोकावा लागायचा. प्रश्न ऑपरेशननंतरच्या चार दिवसांचा आहे. पित्ताशय दुर्बिणीतून काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात तीन ते पाच एवढंच आहे, पण ती इजा पुष्कळदा टेबलावर कळत नाही. रविवारी ऑपरेशन झालं, सोमवारी पेशंट बरा वाटला, आणि मंगळवारी पोट फुगायला लागतं, दुखणं कमी व्हायचं ते वाढतं, ताप येतो, कधी डोळे पिवळे होतात. तेव्हा सर्जन तुतारी एक्स्प्रेसने केव्हाच दादरला पोचलेले असतात. मग वॉर्डातला डॉक्टर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिकडून 'अँटिबायोटिक बदला' असं उत्तर येतं, आणि यात दोन दिवस जातात. हे मी पाहिलेलं आहे. आणि पाहिलंय ते उत्तम पदव्यांच्या बाबतीतच.

म्हणून आईची तारीख घेण्याआधी हॉस्पिटलात बसून विचारा : सर्जन गेल्यावर आईची जबाबदारी कोणत्या सर्जनवर? नाव हवं, 'आमचा स्टाफ आहे' हे उत्तर नव्हे. रात्री ड्युटीवर असणारे डॉक्टर कोण आणि त्यांचं शिक्षण काय? भूल कोण देणार, एम.डी. किंवा डी.ए. झालेले भूलतज्ज्ञच ना, आणि ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला तपासणार की थेट टेबलावरच भेटणार? रक्त लागलं तर कुठून येईल? पित्त गळलं तर तोंडातून दुर्बीण घालून नळी बसवावी लागते, ती सोय कुठे आहे आणि तिथे कोण पाठवील? पावसाळ्यात तारीख देत असतील तर हेही विचारा की करूळ किंवा आंबोली घाट बंद असला तर गाडी कुठून काढणार. हसतील, हसू द्या.

स्वतः सर्जनना विचारायचं ते एवढंच, की अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता आणि दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागलं असं कितींदा झालं. 'एकदाही नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'होतं कधीकधी' म्हणणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो. पित्ताशय चिकटलेलं असेल तर पोट उघडणं हा शहाणपणा असतो, आणि त्याला अपयश समजणारा सर्जन हट्टाने दुर्बिणीला चिकटून राहतो.

एखाद्या तालुक्याच्या गावात राहणारा, दिवसातून दोनदा राउंड घेणारा साधा एम.एस. जनरल सर्जन असेल आणि त्याचा हात यात बसलेला असेल, तर माझ्या आईसाठी मी त्याच्याकडे जाईन.

प्रश्न : आम्ही बांबोळीला दाखवतो. तिथल्या सर्जनचं नाव महाराष्ट्राच्या यादीत मिळालं नाही. काय समजायचं? (सावंतवाडी)

काही नाही. ते गोव्यात काम करतात, त्यांची नोंदणी गोवा मेडिकल कौन्सिलकडे असणार. बेळगावला गेलात तर कर्नाटकची यादी बघा. राज्य कुठलंही असलं तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एकत्रित नोंदवहीतही शोधता येतं, पण ती कधीकधी मागे असते, म्हणून राज्याची यादी आधी.

प्रश्न : वय ३८. अंगावरून जास्त जातं म्हणून डॉक्टरांनी 'पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको' असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, पण यांना राग येईल. रिपोर्ट मागायचे कसे? (गुहागर)

राग आला तर येऊ द्या, पिशवी तुमची आहे. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सोनोग्राफीची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही घ्या, आणि डेरवण किंवा रत्नागिरीच्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांनीच चिठ्ठी दिलीय तिथे जाऊ नका, ते दुसरं मत होत नाही. चिठ्ठीमागे कमिशन असू शकतं. आचारसंहितेत त्याला बंदी आहे, पण कट प्रॅक्टिस काही संपलेली नाही.

३८व्या वर्षी नुसत्या भीतीपोटी पिशवी काढू नये. बीडमधल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९मध्ये उघडकीला आलं, तेव्हा अशाच भीतीच्या गोष्टी बाहेर पडल्या. रक्तस्रावाचं कारण काय, गाठ आहे की हार्मोन, आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का, गोळ्या किंवा कॉपर-टीसारखं दिसणारं हार्मोनवालं साधन वापरून पाहिलं का, हे आधी. आणि काढायचीच ठरली तर बीजाशयं ठेवणार की काढणार हे संमतीपत्रावर लिहून घ्या.

सही करताना कोऱ्या जागा ठेवू नका, आणि ऑपरेशन करणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे ना ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एक निकाल आहे. बाईने दुर्बिणीच्या तपासणीसाठी सही केलेली, ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशयं काढली. शुद्धीत येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली ही संमती न्यायालयाने मानली नाही.

प्रश्न : गुगलवर पाच स्टार आहेत, पण डॉक्टरांवर केस होती असंही ऐकलं. कशावर विश्वास ठेवू? (रत्नागिरी)

स्टार सोडून द्या. पार्किंग मिळालं नाही म्हणून एक स्टार आणि सिस्टर हसून बोलली म्हणून पाच, असा तो प्रकार असतो. १९९५पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे आणि ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन वाचता येतात. डॉक्टरांचं नाव घालून शोधा. केस दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, तीस वर्षं काम करणाऱ्या सर्जनवर एखादी केस असतेच. निकाल पूर्ण वाचा. त्यात कागदपत्रांत खाडाखोड केल्याचा ठपका असेल तर मात्र मी त्या दारात जाणार नाही.

नावाची खरी माहिती हवी असेल तर गावातल्या भूलतज्ज्ञांना, नाहीतर ऑपरेशन थिएटरात काम केलेल्या सिस्टरना विचारा : 'तुमच्या घरचं माणूस असतं तर कुणाकडे नेलं असतं?' बहुतेक वेळा उत्तर लगेच येतं.

प्रश्न : रात्री अचानक पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, तर एवढं सगळं तपासायला वेळ कुठे? (मंडणगड)

तेव्हा तपासू नका, १०८ला फोन करा आणि जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ त्या रात्री हजर आहेत तिथे जा. निघण्यापूर्वी त्या हॉस्पिटलला एक फोन करून हे दोघं आहेत का तेवढं विचारा. पोचल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा : शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. आणि वाटेत पेशंटला चहा पाजू नका.